चिनी युद्धकला : स्पर्धात्मक झुंजींतील कसोटी

चीनमध्ये निःशस्त्र व सशस्त्र द्वंद्वाच्या ज्या पद्धती परंपरेने चालत आल्या, त्यांना चिनी भाषेत ‘वूशू’ (युद्धकला) ही सर्वसमावेशक संज्ञा आहे. चीनबाहेर त्या ‘कुंग-फू’ या नावाने परिचित आहेत. वस्तुतः या शब्दाचा मूळ अर्थ दीर्घ परिश्रमाने संपादन केलेले कौशल्य एवढाच असून तो सुलेखन वा पाककला यांनाही लावता येतो. शाओलिन, ताय ची, शिंगयी, विंग चुन, श्वेत क्रौंच इ. अनेक संप्रदाय या परंपरेत मोडतात. त्यांपैकी बहुतेकांच्या इतिहासात एकट्याने अनेकांना लोळविणाऱ्या गुरूंच्या कथा आढळतात. विसाव्या शतकापासून मात्र ठरीव नियम, पंच आणि प्रेक्षक यांच्या साक्षीने होणाऱ्या झुंजींत या संप्रदायांची वेळोवेळी कसोटी लागली. तिचे निकाल कथांशी क्वचितच जुळले आणि त्यामुळे या कलांच्या स्वरूपाविषयी जो वाद उद्‌भवला, तो अद्यापि मिटलेला नाही.

हा वाद समजण्यासाठी परंपरागत शिक्षणाची रीत ध्यानात घेणे आवश्यक आहे. तिचा कणा म्हणजे ‘ताओलू’ होय. ठरलेल्या क्रमाने केलेल्या पवित्र्यांची, आघातांची व बचावांची ही एक सलग मालिका असून विद्यार्थी ती एकट्याने, वर्षानुवर्षे घोटतो. लिखित साधने तुटपुंजी असलेल्या समाजात डावपेच स्मरणात ठेवण्याचा तो उत्तम उपाय होता. याखेरीज जोडीने करावयाचे अभ्यासही असतात. ताय चीमध्ये परस्परांच्या हातांना हात लावून तोल घालविण्याचा ‘त्वेइशोउ’ हा अभ्यास करतात, तर विंग चुनमध्ये हातांच्या स्पर्शावरून प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखण्याचा अभ्यास करतात. या अभ्यासांत थोडा विरोध असतो. परंतु समोरचा माणूस वाटेल तेव्हा, वाटेल तेथे ठोसा मारील अशी मोकळीक नसते. याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे ‘श्वायज्याव’ ही चिनी कुस्ती. आखूड बाह्यांचा जाड अंगरखा घालून ती खेळतात व प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर पाडणे एवढेच तिचे उद्दिष्ट असते. तीत सराव म्हणजेच झुंज. पडायला नकार देणाऱ्या माणसाला पाडल्याशिवाय ती शिकताच येत नाही. पुढील इतिहासात हा फरक निर्णायक ठरल्याचे दिसते.

केवळ दिखाऊ हालचालींवरची टीका आधुनिक नाही. मिंग काळातील सेनापती छी जीग्वांग (१५२८–८८) याने चिनी किनाऱ्यावरील चाच्यांशी लढण्यासाठी सैन्य उभारताना लिहिलेल्या जीशिआव शिन्शू या ग्रंथात मुष्टिकलेवर एक प्रकरण असून तीत निरनिराळ्या पद्धतींतून निवडलेले ३२ पवित्रे सचित्र दिले आहेत. मोठ्या युद्धात मुष्टिकलेचा प्रत्यक्ष उपयोग थोडा. हातपाय मोकळे करणे व नवशिक्याला शस्त्रविद्येची पूर्वतयारी करून देणे हेच तिचे प्रयोजन, असे त्याचे मत होते. कला अवगत झाल्यावर ती प्रतिस्पर्ध्यावर अजमावून पाहिलीच पाहिजे आणि त्या अजमावणीतील जयपराजयाचा गर्व वा लाज बाळगू नये, असेही तो बजावतो. सु. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या लष्करी अधिकाऱ्याने मांडलेला मुद्दा पुढच्या बहुतेक वादांत कोणी ना कोणी पुन्हा नव्याने मांडलेला आढळतो.

सार्वजनिक झुंजींसाठी ‘लेइताय’ हा उंच चौथरा वापरण्याची चीनमध्ये जुनी प्रथा आहे. त्याला मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखे दोर नसतात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात कोंडून ठोसे लगावण्याचा मार्ग येथे बंद होतो. उलट त्याला कडेवरून खाली ढकलणे हाच एक डाव ठरतो. मांचू राजवट कोसळल्यानंतर राष्ट्राच्या दुर्बलतेवर शारीरिक शिक्षणाचा उपाय शोधला जाऊ लागला, तेव्हा या जुन्या प्रथेला राजाश्रय मिळाला. १९२८ मध्ये जांग जिज्यांग या सेनानीच्या पुढाकाराने नानजिंग येथे मध्यवर्ती ‘ग्वोशू’ (राष्ट्रीय कला) संस्था स्थापन झाली. आरंभी तिच्यात शाओलिन व वूदांग असे दोन विभाग होते. पण विभागप्रमुखांतील चुरस हातघाईवर आल्याने ते लवकरच मोडून टाकावे लागले. संस्थेच्या शिक्षणक्रमात परंपरागत पद्धतींबरोबर श्वायज्याव, संगीन चालविणे आणि पाश्चात्त्य मुष्टियुद्धही होते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नानजिंगला पहिली राष्ट्रीय ग्वोशू परीक्षा झाली. ताओलूचे प्रदर्शन करून पात्र ठरलेल्या उमेदवारांनी नंतर प्रत्यक्ष झुंजावयाचे, असा तिचा क्रम होता. झुंजींत जखमींची संख्या इतकी वाढली, की अखेरच्या फेऱ्या न घेताच उरलेल्या खेळाडूंना एकत्रितपणे सर्वोच्च श्रेणी देण्यात आली. नोव्हेंबर १९२९ मध्ये हांगजौ येथे भरलेली लेइताय स्पर्धा याहून बोधप्रद आहे. तीत शंभरावर स्पर्धक चौथऱ्यावर उतरले. डोळे, गळा व जननेंद्रिय यांवरील आघात निषिद्ध होते, वजनगट नव्हते. बरोबरीत सुटलेल्या दोघांनाही पुढे चाल मिळते असे दिसताच काही जोड्या अंग राखून खेळू लागल्या, म्हणून बरोबरीसंबंधीचा नियम स्पर्धा चालू असतानाच बदलावा लागला. ख्यातनाम गुरूंपैकी पुष्कळांनी पंचांच्या आसनावर बसणे पसंत केले. पहिला क्रमांक श्वायज्यावमध्ये मुरलेल्या वांग त्झूछिंग याला मिळाला आणि वरच्या क्रमांकांत मध्यवर्ती संस्थेच्या विद्यार्थ्यांचा भरणा होता. म्हणजे चिनी युद्धकला या चौथऱ्यावर हरली, असे म्हणता येत नाही, कारण लढणारे सर्व चिनीच होते. त्यांपैकी रोज विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झगडणारे वर आले आणि केवळ ताओलूवर विसंबलेले मागे पडले, एवढेच त्या निकालांवरून दिसते.

यानंतरची बहुचर्चित झुंज १७ जानेवारी १९५४ रोजी मकाव येथे झाली. ताय चीच्या वू घराण्याचे प्रमुख वू गोंगयी (त्या वेळी वय ५३) आणि श्वेत क्रौंच संप्रदायातील त्यांच्याहून बरेच तरुण असलेले चान हाक-फू यांच्यात हाँगकाँगच्या वृत्तपत्रांतून वाद रंगला होता; हाँगकाँगमधील शेक किप मेई वस्तीला १९५३ च्या नाताळात लागलेल्या भीषण आगीतील आपद्‌ग्रस्तांच्या मदतनिधीसाठी ही झुंज खेळविण्यात आली. तिचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात संप्रदायांची वैशिष्ट्ये ओळखू येण्याजोगे पवित्रे अभावानेच दिसतात. दिसतात ते लांबून फेकलेले हात, हुकलेले ठोसे आणि एकमेकांना चिकटून होणारी ढकलाढकली. चान यांच्या नाकातून रक्त आले. दुसऱ्या फेरीत झुंज थांबविण्यात येऊन कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही आणि बरोबरीही झाली नाही, असा अजब निर्णय जाहीर झाला. क्रीडेच्या इतिहासात या झुंजीला फारसे स्थान नाही. साहित्याच्या इतिहासात मात्र आहे. तिने निर्माण केलेल्या उत्सुकतेचा लाभ घेऊन हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने तीनच दिवसांनी ल्यांग यूशंग यांची युद्धकलाविषयक कादंबरी क्रमशः छापावयास घेतली व तिच्यापासून या प्रकारच्या कादंबऱ्यांचे नवे युग सुरू झाले. पुढील वर्षी जीन योंग हे त्या क्षेत्रात उतरले. प्रत्यक्षातील ओबडधोबड झुंजीतून अद्‌भुतरम्य वाङ्‌मयाचा असा उगम व्हावा, हा योगायोग मार्मिक आहे.

चीनच्या मुख्य भूमीवर १९४९ नंतर मोकळ्या झुंजींना उत्तेजन मिळाले नाही. १९५३ मध्ये त्येनजिन येथे परंपरागत क्रीडाप्रकारांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. पुढे ताओलूला व्यायामी कसरतींसारखे गुण देण्याची पद्धत रूढ झाली आणि उंच उड्या, लवचिकपणा व सफाई यांना महत्त्व आले. लेइताय झुंजींची प्रथा तैवानमध्ये चालू राहिली. हाँगकाँगमध्ये तरुणांच्या झुंजी प्रायः गच्च्यांवर, आडबाजूला होत. ब्रूस ली (१९४०–७३) हा त्याच वातावरणात विंग चुन शिकला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे एका चिनी शिक्षकाशी त्याची जी खाजगी झुंज झाली, तिचे वृत्तांत परस्परविरोधी आहेत; तथापि तीनंतर त्याने आपल्या दमश्वासावर नव्याने मेहनत घेतली व मुष्टियुद्ध, तलवारबाजी इत्यादींतून उपयुक्त ते उचलून १९६७ मध्ये आपल्या पद्धतीला स्वतंत्र नाव दिले. त्याच्या चित्रपटांनी कुंग-फूचे नाव जगभर पोहोचविले. ही लाट शिगेला असतानाच जानेवारी १९७४ मध्ये हाँगकाँगचे पाच कुंग-फू खेळाडू बँकॉकच्या रिंगणात थाई मुष्टियोद्ध्यांसमोर उभे राहिले आणि पाचही जण हरले. थाई पद्धतीत लहानपणापासून नियमित झुंजी खेळून उपजीविका करणारे मल्ल असतात. मांडीवर बसणारी नडगीची लाथ, कोपर व गुडघा यांचे आघात त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. त्यांच्यापुढे हौशी खेळाडूंचा निभाव लागणे कठीणच होते. अमेरिकेत १९९३ पासून सुरू झालेल्या, अत्यल्प निर्बंधांच्या पिंजऱ्यातील झुंजींतही असाच अनुभव आला. १९९४ मधील दुसऱ्या स्पर्धेत ‘पंचपशू’ कुंग-फूचा अभ्यासक जेसन डिलुशिया याने विंग चुनच्या खेळाडूला नमविले. पण ब्राझिलियन जुजुत्सूचा रॉइस ग्रेसी याने त्याला जमिनीवर नेऊन हाताच्या पेचात अल्पावधीत शरण आणले. जमिनीवरील लढत हा बहुतेक चिनी संप्रदायांच्या शिक्षणातील रिकामा कोपरा होता, हे यावरून दिसून आले. श्वायज्यावमध्येही प्रतिस्पर्धी पडला, की डाव संपतो.

चीनच्या क्रीडाप्रशासनाने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मार्गाने शोधले. १९७९ मध्ये जजियांग प्रांतात तसेच बीजिंग व वूहान येथील शारीरिक शिक्षण संस्थांत मोकळ्या झुंजींचे प्रयोग सुरू करण्यात आले. त्यांतून ‘सान्दा’ (सान्शोउ) हा क्रीडाप्रकार आकारास आला. ठोसे, लाथा व श्वायज्यावमधील उभ्याने पाडण्याचे डाव हे त्याचे तीन घटक होत. कोपर व गुडघा यांचे आघात, मानेवर, डोक्याच्या मागील भागावर वा जननेंद्रियावर मारणे आणि खाली पडल्यानंतर झगडणे हे निषिद्ध आहे. झुंज ८ मी. लांबीरुंदीच्या, दोर नसलेल्या चौथऱ्यावर होते. दोन मिनिटांच्या जास्तीत जास्त तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकणारा विजयी ठरतो. ठोशाला किंवा मांडीवरील लाथेला एक गुण, तर धडावर वा डोक्यावर बसलेल्या लाथेला दोन गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याला पाडून स्वतः उभे राहिल्यासही दोन गुण मिळतात. एकाच फेरीत दोनदा चौथऱ्याखाली गेलेला खेळाडू ती फेरी गमावतो. गुणांच्या या व्यवस्थेमुळे लाथ मारणाऱ्याचा पाय हवेतच पकडून त्याला उलथविणे हे सान्दाचे खास वैशिष्ट्य बनले. थाई मुष्टियोद्ध्यांशी झालेल्या पुढील सामन्यांत चिनी खेळाडूंना जे विजय मिळाले, त्यांत या डावाचा मोठा वाटा होता. मात्र कोपर व गुडघ्याला मुभा असलेल्या नियमांखाली पारडे बहुधा दुसरीकडे झुकते. १९९१ मध्ये बीजिंगला झालेल्या पहिल्या जागतिक वूशू स्पर्धेत सान्दाचा समावेश होता. आशियाई क्रीडास्पर्धांत तो १९९८ मध्ये बँकॉक येथे आला. २००० मध्ये चीनमध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक स्पर्धांमधून ल्यू हायलोंग याच्यासारखे लोकप्रिय खेळाडू पुढे आले.

सान्दा हा परंपरेचा वारसा मानावा की मुष्टियुद्ध, लाथा आणि कुस्ती यांचे सरकारी मिश्रण, याविषयी मतभेद आहेत. अनेक परंपरानिष्ठ गुरू त्याला आपला मानीत नाहीत, कारण रिंगणात ताय चीचा वा विंग चुनचा खेळाडू कोणता, हे ओळखता येत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो १९२९ च्या हांगजौलाही लागू पडतो. दोन तुल्यबळ माणसे नियमांच्या त्याच चौकटीत झुंजू लागली, की त्यांच्या हालचाली एकमेकींसारख्या होत जातात. हनुवटी झाकणे, अंतर राखणे आणि तोल सांभाळणे यांना पर्यायी मार्ग फारसे नाहीत. शिवाय हातमोजे घातल्यावर पकडी, उघड्या तळव्याचे आघात आणि बोटांचे डाव, म्हणजे संप्रदायासंप्रदायांतील भेद ज्यांत प्रकट होतो तो भागच, बराचसा निरुपयोगी ठरतो.

हा वाद २०१७ मध्ये एकाएकी पेटला. २७ एप्रिल रोजी छंगदू येथे शू श्यावदोंग या मिश्र युद्धकलेच्या शिक्षकाने ताय चीचे गुरू म्हणवून घेणाऱ्या वेई लेई यांना काही सेकंदांतच खाली पाडून निष्प्रभ केले. त्या झुंजीचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. परंपरेतील भोंदूगिरी उघडी पाडणे हा आपला हेतू असल्याचे शूने सांगितले. यानंतर त्याने अन्य संप्रदायांच्या काही शिक्षकांनाही हरविले. समाजातील प्रतिक्रिया मात्र त्याच्या विरोधात गेली. राष्ट्रीय वारशाचा अपमान केल्याचा ठपका त्याच्यावर आला, चिनी वूशू संघटनेने अशा खाजगी झुंजींचा निषेध केला आणि पुढे ताय चीच्या एका प्रतिष्ठित आचार्यांची बदनामी केल्याबद्दल न्यायालयाने त्याला जाहीर क्षमायाचना करावयास लावली. मे २०२० मध्ये मा बावग्वो हे साठी उलटलेले ताय ची शिक्षक पन्नाशीतील एका हौशी खेळाडूकडून अर्ध्या मिनिटात तीनदा खाली पडले. पडण्याची दृश्ये चेष्टेचा विषय होऊन महिनोन्‌महिने फिरत राहिली. जुलै २०२० मध्ये संघटनेने युद्धकलेच्या अभ्यासकांना ‘महागुरू’, ‘संप्रदायप्रमुख’ अशी बिरुदे स्वतः धारण न करण्याचे आणि परवानगीविना झुंजी न ठरविण्याचे आवाहन केले. या प्रकरणात पणाला लागली होती ती केवळ व्यक्तींची प्रतिष्ठा नव्हे. शिकवणीवर चरितार्थ चालविणारे हजारो शिक्षक, संप्रदायाच्या नावावर उभे असलेले पर्यटन आणि राष्ट्राभिमान या सर्वांचे हितसंबंध त्यात गुंतले होते; म्हणूनच काही सेकंदांच्या झुंजीवर इतका गदारोळ उठला.

पराभवांची कारणमीमांसा करताना परंपरेचे समर्थक दोन मुद्दे प्रामुख्याने मांडतात. डोळे, गळा, सांधे यांवरील प्राणघातक डाव नियमांनी वर्ज्य असल्याने खऱ्या कलेला वाव मिळत नाही, हा पहिला मुद्दा. तो अंशतःच ग्राह्य आहे. ज्याला प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर साधा ठोसा मारता येत नाही, त्याला त्याच चेहऱ्यावरील डोळा अचूक टिपता येईल, असे मानण्यास आधार नाही. शिवाय असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने कधीच करता येत नसल्यामुळे त्यांचा खरा सराव कोणालाच नसतो. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी जपानी जुजुत्सूतील धोकादायक डाव सरावातून वगळले, ते नेमके याच कारणासाठी. उरलेले डाव मग विद्यार्थ्यांना परस्परांवर पूर्ण जोराने करता येऊ लागले [⟶ ज्यूदो]. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. चिनी परंपरेचा मोठा भाग भाला, तलवार, दंड या शस्त्रांचा असून निःशस्त्र हालचालींतील पुष्कळशा शस्त्रांच्या हालचालींवरूनच घडल्या आहेत. शिंगयीमधील सरळ रेषेत पुढे घुसण्याची चाल भालाफेकीची नसून भाल्याने भोसकण्याची आहे, असे ती परंपरा स्वतःच मानते. हातमोजे घालून दोन मिनिटांच्या फेऱ्या खेळण्यासाठी ती घडलेली नाही. आरोग्यरक्षण, धार्मिक विधी, चिनी संगीतिकेतील युद्धप्रसंग आणि गावाची संघटना ही प्रयोजनेही या कलांनी शतकानुशतके पार पाडली आहेत. पहाटे उद्यानात ताय ची करणाऱ्या वृद्धाला रिंगणाचा निकष लावणे हास्यास्पद होईल. जो शिक्षक शुल्क घेऊन झुंजण्याची विद्या देतो असे सांगतो, त्याच्या बाबतीत मात्र तो निकष टाळता येत नाही.

वय, वजन आणि मेहनतीचे तास यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. गाजलेल्या बहुतेक झुंजींत एका बाजूला नियमित झुंजणारा, तर दुसऱ्या बाजूला प्रौढ वा वृद्ध शिक्षक, अशी विजोड जुळणी होती. तरुणपणी चिनी पद्धतीचे शिक्षण घेऊन नंतर पूर्ण वेळ झुंजीची मेहनत करणाऱ्यांचा इतिहास निराळा आहे. व्हिएतनामी वंशाचा अमेरिकन सान्दापटू कंग ली याने मार्च २००८ मध्ये फ्रँक शॅमरॉक या नामवंत प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सान्दाच्या लाथांनीच विजय मिळविला. लाथा अडविताना शॅमरॉकचा हात मोडला. चीनच्या जांग वेइली हिचे झुंजीचे शिक्षण सान्दातून झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये शंजन येथे ४२ सेकंदांत प्रतिस्पर्धिनीला नमवून ती पिंजऱ्यातील झुंजींच्या सर्वांत मोठ्या अमेरिकन संस्थेची चीनमधील पहिली जगज्जेती ठरली. अर्थात तिने जमिनीवरील पेच जुजुत्सूतून घेतले आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

भारतात सान्दाला विशेषेकरून मणिपूर व हरियाणा येथे चांगला प्रतिसाद मिळाला. २०१० च्या ग्वांगजौ आशियाई क्रीडास्पर्धांत मणिपूरच्या संध्याराणी देवी हिने ६० किग्रॅ. गटात रौप्यपदक मिळविले. २०१७ मध्ये कझान येथील जागतिक स्पर्धेत ७५ किग्रॅ. गटात पूजा कादियान ही सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय वूशूपटू ठरली. मणिपूरचीच रोशिबिना देवी हिने ६० किग्रॅ. गटात २०१८ मध्ये कांस्यपदक आणि २०२३ मध्ये हांगजौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत रौप्यपदक मिळविले.